आरोग्य : उत्तम

मागच्या महिन्यात आईनं माझ्या बायोडेटाची नवी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. वर गणपती, बाजूला माझा ब्लेझरमधला फोटो. तो ताईच्या लग्नातला आहे, नीट पाहिलंत तर माझ्या खांद्यावर मामाची चार बोटं अजून दिसतात. जन्मवेळ, रास, नक्षत्र, नाडी, गण, उंची, शिक्षण, पॅकेज, मामांचं गाव. सगळं जुनंच. फक्त रक्तगटाच्या खाली एक ओळ नवीन होती : ‘आरोग्य : उत्तम’.

मी फोन करून विचारलं, “ही ओळ कशाला? कुणी विचारलं होतं का?”

“मावशीच्या पोराच्या बायोडेटात आहे. बरी दिसते.”

मला एपिलेप्सी आहे. आमच्या सांगलीकडे ‘फिट येते’ म्हणतात. आज्जी ‘फेफरं’ म्हणायची, तेही आवाज खाली करून. आयुर्वेदातला शब्द अपस्मार, म्हणजे स्मृती जाणं. नटराजाच्या मूर्तीत पायाखाली जो बुटका असतो ना, त्याचंही नाव अपस्मार. अज्ञानाचं, विस्मरणाचं प्रतीक म्हणून तो तिथे आहे. नाच चालू आहे, आणि तो पायाखाली जिवंत आहे. हे कळल्यापासून मला ती मूर्ती वेगळीच दिसायला लागली.

गेली अकरा वर्षं मी रोज सकाळी एक आणि रात्री एक गोळी घेतो. शेवटची मोठी फिट तीन वर्षांपूर्वी आली. मधल्या काळात डिग्री झाली, नोकरी लागली, दोन प्रमोशनं झाली. मग ‘उत्तम’ हा शब्द खोटा आहे का? आमचे काका पंधरा वर्षं डायबेटिसची गोळी घेतात आणि ‘ठणठणीत आहे’ म्हणतात, त्यावर कुणी हरकत घेत नाही. मी तेच म्हटलं की ती फसवणूक होते. हा फरक कुठून येतो, आणि तो मान्य करून मी गप्प बसलो तर मी खोटारडा ठरतो का, हे मला बरीच वर्षं सुटलेलं नाही.

सुरुवात कपांपासून झाली. अकरावीत सकाळी चहा घेताना माझ्या हातातून कप उडायचा. पडायचा नाही, उडायचा. खांद्यापासून एक झटका यायचा आणि चहा भिंतीवर. आई म्हणायची वेंधळा आहे. बाबा म्हणायचे रात्रभर मोबाइल बघतो. बारावीला सीईटीच्या आधी सलग तीन रात्री जागलो आणि चौथ्या दिवशी सकाळी ब्रश करताना कोसळलो. त्यानंतरचं मला ऐकून माहीत आहे. ताईनं आरडाओरडा केला, शेजारचे काका धावत आले, त्यांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली, कुणी तरी कांदा फोडला. दोनेक मिनिटांत मी थांबलो. चप्पल लागू पडली! आजही गल्लीत तेच सांगितलं जातं. खरं म्हणजे बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, त्या वेळात नाकाशी चप्पल धरा नाही तर गुलाबाचं फूल. आमच्या धंद्यात याला ‘रीस्टार्ट केलं आणि चालू झालं’ म्हणतात. बग कुठे होता ते कुणालाच कळलेलं नसतं.

मग एक महिना ‘बाहेरचं काही आहे का’ हे बघण्यात गेला. दंडाला ताईत आला. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी ईईजी काढला आणि पहिला प्रश्न विचारला, “सकाळी हातातून वस्तू उडतात का?” आईनं माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलेलो नाही. वर्षभर त्या कपांवरून ती मला बोलली होती. आजाराचं नाव लांबलचक आहे : ज्युवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. पौगंडावस्थेत सुरू होते, झोप मोडली की उचल खाते, गोळ्यांनी बहुतेकांची छान ताब्यात राहते, पण गोळ्या बंद केल्या की बहुतेकांची परतही येते. म्हणजे बरं न होता बरं राहायचं.

डॉक्टरांच्या केबिनमधून बाहेर पडताना आई मला म्हणाली, “हे कुणाला सांगायचं नाही.” मी सतरा वर्षांचा होतो. आजाराबद्दल घरातून मिळालेली ती पहिली सूचना. गोळी कधी घ्यायची हे त्यानंतर सांगितलं.

हॉस्टेलला मी गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत ठेवायचो. रूममेट एकदा म्हणाला, मलाही दे एक, थकल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, संपल्या. बाटली हलवली असती तर खुळखुळली असती.

पुण्यात आल्यावर वेगळीच अडचण. पुण्यात ज्या मुलाकडे दुचाकी नाही त्याच्याकडे लोक संशयानं पाहतात. लायसन्सच्या फॉर्म १ मध्ये स्वतःच्या सहीनं सांगावं लागतं की तुम्हाला अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का. ‘नाही’वर टिक करणारे मला माहीत आहेत. मी करू शकलो नाही. समोरून शाळेची पोरं रस्ता ओलांडत असतील हे चित्र डोक्यातून जाईना. (ब्रिटनमध्ये वर्षभर फिट आली नाही तर कार चालवायला मिळू शकते. आपल्याकडे आजाराचं नाव आलं की विषय संपला, म्हणूनही लोक खोटं लिहितात.) मग विचारणाऱ्यांना मी सांगायला लागलो की प्रदूषणामुळे गाडी घेत नाही, बस आणि मेट्रोनं फिरतो. ऑफिसमध्ये पर्यावरण दिनाला माझं कौतुक झालं. एक रोपटं मिळालं. त्या रोपट्याला पाणी घालताना मला दर वेळी चोरी केल्यासारखं वाटायचं.

इथे एक जर्मन माणूस आणायला हवा. कांटबद्दल आपण एवढंच ऐकलेलं असतं की त्यानं खोटं बोलायला कुठल्याही परिस्थितीत परवानगी दिली नाही. दारात खुनी येऊन ‘तुझा मित्र घरात आहे का’ असं विचारत असला तरी नाही. एका पॉडकास्टमध्ये मला त्याची दुसरी एक गोष्ट सापडली. १७९१ साली मारिया फॉन हर्बर्ट या ऑस्ट्रियातल्या तरुणीनं त्याला पत्र लिहिलं. तिनं आपलं आधीचं प्रेमप्रकरण आपल्या माणसापासून बराच काळ लपवलं होतं. शेवटी सांगून टाकलं, आणि त्याचं मन तिच्यावरून उडालं. आता जगायचं कसं, असं ती विचारत होती. कांटनं उत्तर पाठवलं. त्यात त्यानं दोन गोष्टी वेगळ्या काढल्या : मनातलं सगळं उघड न करणं आणि खोटं बोलणं. जे बोलाल ते खरंच असलं पाहिजे, पण खरं असेल ते सगळं बोललंच पाहिजे असं नाही. त्या माणसाच्या प्रेमाविषयी त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं की ते मनापासून असेल तर परत येईल, वरवरचं असेल तर तसंही गेलंच असतं.

हे ऐकून मी भलताच खूश झालो. कांटनं मला सोडवलं होतं! व्हिटॅमिनची बाटली हे खोटं, रोपटं हे खोटं, पण नुसतं गप्प बसणं चालेल. पुढे काही दिवसांनी लक्षात आलं की आपल्यासारख्याला नुसतं गप्प बसता येतच नाही. ‘गाडी का घेत नाहीस?’, ‘एक बिअर तरी घे’, ‘रात्री दोनला निघू, सूर्योदयाला वर पोचू’. प्रत्येक साध्या वाक्याला उत्तर द्यावं लागतं, आणि गप्प राहिलं तर ते उत्तर दुसरे लोक तयार करतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमननं १९६३ साली कलंक याच विषयावर पुस्तक लिहिलं. त्यात तो दोन प्रकारची माणसं सांगतो. एकाचा डाग दिसतो. दुसऱ्याचा दिसत नाही, पण कधीही दिसू शकतो. पहिल्याला लोकांच्या नजरा सांभाळाव्या लागतात, दुसऱ्याला माहिती सांभाळावी लागते : कुणाला सांगितलं, किती सांगितलं, कोण कुणाला भेटू शकतं. मी दुसऱ्यातला. दिवसभर ऑफिसात कुणाला कुठला अ‍ॅक्सेस आहे ते बघायचं आणि संध्याकाळी घरी येऊनही तेच.

गॉफमन आणखी एक सांगतो, की हा डाग जवळच्या माणसांनाही लागतो. ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

सहा वर्षांपूर्वी ताईचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा कोल्हापूरचा, घर चांगलं. घरात न बोलता ठरलेलं होतं की माझा विषय निघणार नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मला सकाळीच मित्राकडे पाठवलं होतं, न जाणो सकाळची वेळ आहे. मलाही ते बरोबरच वाटलं. सुपारी फुटायच्या आठवडाभर आधी ताईनं त्या मुलाला कॅफेत भेटून सगळं सांगितलं. तीन दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला, घरच्या मोठ्यांना अडचण वाटते आहे.

सगळ्यांत जास्त कोण चिडलं असेल? मी. आई रडली, बाबा गप्प झाले, पण ताईवर ओरडलो मी. “तुला कुणी अधिकार दिला? आजार माझा आहे.”

ती म्हणाली, “फिट तुझी आहे. लग्न माझं आहे. पुढे कधी तू माझ्या घरी आलास, चार दिवस राहिलास आणि सकाळी पडलास, तर मी काय करू? तुला ओळखत नाही म्हणू? तुला माझ्या घरी झोपायला बोलवता येणार नाही असल्या घरी मी जाणार नाही.”

मी त्या दिवशी पटल्यासारखं दाखवलं नाही. आजही मला पूर्ण पटलेलं नाही. माझी माहिती तिनं मला न विचारता खर्च केली, हे खरंच आहे. पण तिच्या म्हणण्यात एक गोष्ट अशी होती जी कांटच्या पत्रात नाही : लपवण्याचं काम मी एकटा करत नव्हतो. ते आई करत होती, बाबा करत होते, आणि आता ताईला आयुष्यभर नवऱ्यापासून लपवायला लावत होतो. मी ज्याला माझी खासगी बाब म्हणत होतो ती चालवायला चार माणसं लागत होती.

त्या मुलाच्या घरच्यांना दुष्ट ठरवणं सोपं आहे. त्यांना भीती होती की हे रक्तात असतं, नातवंडांत उतरेल. आजारात आनुवंशिक भाग असतो, जवळच्या नातेवाइकांत शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त असू शकते, आणि तरीही बहुतेक नातेवाइकांना हा आजार कधीच होत नाही. हे त्यांना कुणी समजावलं नाही. आम्ही तर समजावूच शकत नव्हतो, कारण आमच्या लेखी तो विषयच नव्हता. जगात सुमारे पाच कोटी लोकांना एपिलेप्सी आहे आणि नीट उपचार मिळाले तर त्यांतल्या सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांना फिट न येता जगता येईल, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एवढी माणसं आहेत तर आपल्याला ती दिसत का नाहीत? कारण ज्यांची ताब्यात आहे ते सगळे माझ्यासारखे प्रदूषणाबद्दल बोलतात. लोकांना फक्त रस्त्यात पडलेला माणूस दिसतो, आणि मग त्यांच्या मनात आजाराचं चित्रही तेवढंच राहतं. म्हणजे ज्या भीतीमुळे मी लपतो ती भीती टिकवायला मी थोडी मदतही करतो. हे स्वतःबद्दल मान्य करायला मला आवडत नाही.

आता ऑफिसची गोष्ट, कारण तिथे माझी सगळी तत्त्वं तोंडावर पडली. तीन वर्षांपूर्वी एक मोठा रिलीज होता. ऑनकॉल माझ्याकडे होता. झोप मोडली तर काय होतं हे मला पक्कं माहीत होतं, पण रात्रीची ड्यूटी नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. तीस तास जागा होतो. सकाळी साडेसातला कॅन्टीनमध्ये, हातात कप, आणि पहिला झटका. मला कळलं होतं. बसायला हवं होतं, कुणाला तरी हाक मारायला हवी होती. मी कप खाली ठेवून हसलो.

शुद्धीवर आलो तेव्हा माझ्या टीममधला एक मुलगा हात रुमालात गुंडाळून बसला होता. माझी जीभ तुटू नये म्हणून त्यानं माझ्या दातांमध्ये बोटं घातली होती. त्याला चार टाके पडले. तोंडात काहीही घालायचं नसतं, आधी आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं, कुशीवर वळवायचं, घट्ट दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखान्यात न्यायचं. हे सांगायला मला वीस सेकंद लागली असती. तो माझ्या शेजारी दोन वर्षं बसत होता.

त्याच्या त्या बोटांपुढे कांटचा फरक टिकत नाही. मी त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो, फक्त सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी दुसराच प्रश्न विचारतो : माझ्या गप्प बसण्याची किंमत कोण भरतंय? घरमालकाला सांगायची गरज मला वाटत नाही, तो काही भरत नाही. लग्नात भेटणाऱ्या आत्याबाईंना तर मुळीच नाही. जो शेजारी बसतो, ज्याच्यासोबत मी गड चढतो, जी माझ्याबरोबर एका घरात झोपणार आहे, त्यांचं माझ्याकडे येणं आहे.

हे लिहायला नीटस वाटतं. पुढचंही सांगतो. मी टीमला सांगितलं. सगळे फार चांगले वागले. महिन्याभरात ‘तुझ्या काळजीपोटी’ माझा ऑनकॉल काढला, मग ‘ताण नको म्हणून’ क्लायंटच्या मीटिंगा काढल्या, आणि त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये ‘जबाबदारी घेण्यात कमी पडतो’ असं आलं. ती कंपनी मी सोडली. नव्या ठिकाणी मी पहिल्याच आठवड्यात मॅनेजरला आणि बाजूच्या दोघांना सांगितलं, पण इंटरव्ह्यूत नाही. ज्यांना हे डरपोकपणाचं वाटतं त्यांनी खरं बोलण्याची किंमत एकदा स्वतः भरून पाहावी. सांगणाऱ्यावर जसं देणं असतं तसं ऐकणाऱ्यावरही असायला हवं की नाही? समोरचा माणूस खरं बोलला म्हणून त्याला दंड करायचा, आणि दुसरा गप्प बसला की फसवलं म्हणायचं, हे दोन्ही एकाच वेळी कसं चालेल?

लग्नाच्या बाबतीत तर ते चालत होतं, आणि कायद्यानं चालत होतं. १९७६ साली हिंदू विवाह कायद्यात दुरुस्ती झाली आणि वारंवार फिट येत असलेल्या माणसाचं लग्न रद्द करून घेता येईल अशी तरतूद आली. वेडाचे झटके आणि अपस्मार एकाच ओळीत लिहिलेले होते. १९९९ साली त्या ओळीतून अपस्मार काढला. माझे आईबाबा १९९२ साली लग्न झालेले, म्हणजे आईच्या पिढीला हे भय केवळ शेजाऱ्यांनी दिलेलं नव्हतं, कायद्याच्या पुस्तकातही होतं. हे वाचल्यावर मला तिचं ‘कुणाला सांगायचं नाही’ थोडं कळलं. कुष्ठरोगाला घटस्फोटाच्या कारणांतून बाहेर यायला तर २०१९ उजाडावं लागलं. पण त्याच कायद्यात फसवणुकीचंही कलम आहे. जोडीदाराबद्दलची महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली तर लग्न रद्द होऊ शकतं. म्हणजे फिट येणं हा दोष राहिला नाही, आणि ती लपवणं अजूनही कोर्टात ओढू शकतं. मला हे विचित्र वाटायचं. आता वाटतं की कायदा ताईचंच म्हणणं मांडतो आहे, फक्त त्याच्या रुक्ष भाषेत.

गेल्या वर्षभरात मी दोन मुलींना भेटलो. दोघींनाही पहिल्याच भेटीत सांगितलं. पहिलीनं शांतपणे ऐकलं, चार चांगले प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचा बाबांना फोन आला, पत्रिका जुळत नाही. छत्तीसपैकी सव्वीस गुण त्यांनीच जुळवून आणले होते.

दुसरी ऐकून बराच वेळ स्ट्रॉनं बर्फ ढवळत राहिली. मग म्हणाली, “मला थायरॉइड आहे. दहावीपासून गोळी घेते. आईनं सांगितलंय, साखरपुडा होईपर्यंत बोलायचं नाही.” मग आम्ही तास-दीड तास गोळ्यांबद्दल बोलत बसलो. प्रवासात कुठे ठेवतो, विसरलो तर काय करतो, कोणती खोटी कारणं कुठे चालतात. माझी रोपट्याची गोष्ट ऐकून ती एवढी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. तिला बंगळुरू सोडायचं नव्हतं आणि मला पुणे, त्यामुळे पुढे काही झालं नाही. पण तिचा मेसेज आला होता, की पुढच्या मुलाला तिनंही पहिल्या भेटीत सांगितलं. त्याचं काय झालं ते तिनं लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही.

ताईचं लग्न होऊन चार वर्षं झाली. भावजींना आधीच माहीत होतं. त्यांच्या घरी मी राहतो, सकाळी मला स्टीलच्या पेल्यात चहा देतात, फुटू नये म्हणून, आणि त्यावरून चेष्टाही करतात. आईचं मात्र अजून मत आहे की कोल्हापूरचं स्थळ जास्त चांगलं होतं.

परवा मी तिला म्हटलं, ती ‘आरोग्य : उत्तम’ची ओळ काढून टाक. ती म्हणाली, “मग काय लिहू? फिट येते म्हणून लिहू?” मी म्हटलं, काहीच लिहू नको, भेटल्यावर मी सांगीन. ती काही बोलली नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, “नुसतंच काढलं तर मधेच मोकळं दिसतंय. ताईला विचार, तिथं काय टाकू ते.”